'जवळ' म्हणजे किती जवळ? चोपड्याहून केवडिया, चार दिवस आणि दोन हॉटेलं

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ३४ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. धोतराच्या चुण्या कशा काढायच्या हे शिकवताना ते फळ्यावर एक रेघ ओढायचे आणि वर्गाला सांगायचे, "धुळ्याजवळ गोंदूर नावाचं गाव आहे. तिथल्या सुताराच्या घरातला एक मुलगा जगातले मोठमोठे पुतळे घडवतो." राम सुतारांबद्दलचं हे वाक्य त्यांच्या कितीतरी विद्यार्थ्यांना पाठ आहे. त्यांनी घडवलेली सरदार पटेलांची १८२ मीटरची मूर्ती गुजरातेत केवडियाला ३१ ऑक्टोबर २०१८ ला उघडली, तेव्हापासून अण्णांना तिथे जायचं होतं. आधी करोना, मग आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग धाकट्याच्या परीक्षा. असं करत करत शेवटी या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, आम्ही सहाजण निघालो: अण्णा, आई, आम्ही दोघं, चौथीतली ओवी आणि पाच वर्षांचा वेदू.

मुलांना अण्णांच्या मूर्तीत काही रस नव्हता. त्यांना तिथलं चिल्ड्रन न्यूट्रिशन पार्क हवं होतं, छोट्या आगगाडीत बसून फिरायचं ते. अण्णांना मूर्ती, मुलांना गाडी आणि आईंना दुपारी पाठ टेकायला जागा, इतकं सगळं एका सहलीत बसवायचं होतं. ते बसतं की नाही, हे हॉटेल ठरवतं. मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

पहिला दिवस, मंगळवार: सातपुडा उजव्या हाताला

मंगळवारी निघायचं कारण सोपं आहे. सोमवारी तिथली स्थळं बंद असतात आणि शनिवार-रविवारी गुजरातेतून एवढी गर्दी येते की म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊच नये. मुलांच्या चार शाळा बुडाल्या, त्या बुडू दिल्या.

चोपड्याहून रस्ता सरळ पश्चिमेला जातो. अनेर नदी ओलांडली की धुळे जिल्हा, मग शिरपूर, मुंबई-आग्रा रस्ता, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा. सातपुडा सगळा वेळ उजव्या हाताला सोबत असतो. सकाळी नऊलाही गार वारं होतं, आईंनी कानाला मफलर गुंडाळला होता. आधी केळीच्या बागा, शहाद्याकडे सरकलो तशा पपईच्या बागा आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीमागे आम्ही दहा मिनिटं अडकलो होतो, तेवढ्यात वेदूने खिडकीतून उसाचं एक पडलेलं कांडं हेरलं आणि ते उचलायला गाडी थांबवायला लावली.

जेवायला प्रकाशाला थांबलो. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, घाट. आमच्याकडे याला दक्षिण काशी म्हणतात, आणि काशी करून आलेल्या माणसाने प्रकाशाला येऊन गेल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं मानतात. आई-अण्णा काशीला जाऊन चार वर्षं झाली होती. आईंनी घाटावर बसून तापीचं पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "आते पुरी व्हयनी." मग डबा उघडला: कळण्याची भाकरी, हिरव्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात, शेंगदाण्याची चटणी. जानेवारीतलं भरीत गार झालं तरी चव सोडत नाही.

तळोद्याच्या पुढे चहाला थांबलो. टपरीवर एक आजोबा शेकोटीपाशी बसले होते. कुठे निघालात, असं त्यांनी विचारलं. आम्ही केवडिया म्हटलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आमचं गाव तिकडंच होतं. नर्मदेच्या काठाला. आता पाण्यात आहे." सरदार सरोवराच्या पाण्यात नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली, ३३ गावं बाधित झाली, त्यांतली बरीच माणसं तळोदा-शहादा भागातल्या पुनर्वसन वसाहतींत आली. मणिबेली हे त्यातलं महाराष्ट्राचं पहिलं गाव. आजोबा त्याच बाजूचे. जमीन मिळाली का, असं मी विचारलं. मिळाली, म्हणाले, कापूस होतो, पण डोंगरातलं मोहाचं झाड मिळत नाही. वेदूला त्यांनी शेकोटीत भाजलेला हरभरा दिला. चहाचे पैसे आम्ही देत होतो, तर त्यांनी टपरीवाल्याला हाताने खूण करून ते घेऊ दिले नाहीत.

अक्कलकुव्यानंतर सागबारा, डेडियापाडा. राज्य बदललं हे पाट्यांवरून कळतं, माणसांवरून नाही. वसावी बोलणारी मंडळी दोन्हीकडे तीच, सोयरीकही दोन्हीकडे. डेडियापाड्याहून राजपीपळ्याकडे वळलं की शूलपाणेश्वर अभयारण्याकडचं जंगल लागतं, सागाची आणि बांबूची दाटी. इथे ऊन असताना पोहोचायला हवं होतं. आम्हाला अंधार पडला. सोबत लहान मुलं असतील तर चोपडा-जळगावकडून निघणाऱ्यांनी सकाळी सातलाच निघावं. अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण थांबत-थांबत पूर्ण दिवस जातो.

आता हॉटेलचं. मी महिनाभर आधी फोनवर शोधून दोन खोल्या घेतल्या होत्या. जाहिरातीत मूर्तीचा फोटो मोठा होता आणि खाली 'मूर्तीपासून अगदी जवळ' असं लिहिलेलं. निळ्या पाण्याचा तलाव, पांढऱ्याशुभ्र चादरी, हसणारी मुलं. मी फोटोंनाच भुलले होते. फोन करून मी फक्त एक प्रश्न विचारला, "जवळ आहे ना?" ते म्हणाले, "हो, हो, जवळच."

ते राजपीपळ्याच्या बाजूला निघालं. मूर्ती तिथून पंचवीस-तीस किलोमीटर. खोल्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. स्वयंपाकघर साडेआठला बंद झालं होतं आणि आम्ही पावणेनऊला पोहोचलो. आईंनी एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली. मधल्या वळणावर थांबून त्या मला म्हणाल्या, "हाई जवय शे का वं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला फार लागलं. रात्री आम्ही उरलेली भाकरी आणि केळीचे वेफर्स खाऊन झोपलो.

दुसरा दिवस, बुधवार: हॉटेल बदललं

सकाळी सहाला उठून ह्यांनी आणि मी खाली गाडीत बसून फोन सुरू केले. उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत मिळणार नव्हते. ते सोडून द्यायचे ठरवलं. माझ्या मते हा सहलीतला सगळ्यात चांगला निर्णय होता. सहाजणांचे तीन दिवस वाया घालवण्यापेक्षा दोन रात्रींचे पैसे गेलेले परवडले.

यावेळी मी प्रश्न बदलले. मूर्तीपासून किती किलोमीटर, हे विचारलंच नाही. एकतानगरात (केवडियाचं हे आताचं नाव) सगळी स्थळं विखुरलेली आहेत: मूर्ती एकीकडे, न्यूट्रिशन पार्क दुसरीकडे, जंगल सफारी, कॅक्टस गार्डन, धरणाचा देखावा, आरतीचा घाट वेगळीकडे. त्यामुळे 'मूर्तीपासून जवळ' याला फार अर्थ नसतो. मी विचारलं ते हे: तुमच्या दारातून बस किंवा ई-रिक्षा मिळते तिथपर्यंत पायी किती मिनिटं? तळमजल्यावर शेजारी-शेजारी दोन खोल्या आहेत का? दुपारी बारा ते चार खोलीत परत येता येईल का? स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू, आणि कमी गोड डाळ मिळेल का? थंडीत गरम पाणी कधी येतं? आणि शेवटी, तुमचं लाइव्ह लोकेशन आत्ताच पाठवा. चार ठिकाणी फोन लावले, दोघांनी लोकेशन पाठवायला टाळाटाळ केली. तिसऱ्याने लगेच पाठवलं आणि सोबत खोलीच्या दारापासून फाटकापर्यंत चालत जाऊन काढलेला व्हिडिओही पाठवला. त्यात एक पायरीसुद्धा नव्हती. आईंना दाखवला. त्यांनी मान हलवली.

एकतानगरात राहायचे बरेच प्रकार आहेत. तलावाकाठची तंबूंची नगरी, मोठी हॉटेलं, रेल्वे स्टेशनाच्या बाजूची हॉटेलं (केवडियाचं स्टेशन जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं), आणि आसपासच्या गावांत स्थानिक कुटुंबांनी चालवलेली घरगुती निवासस्थानं. तरुण जोडप्यांना तंबू आवडतील. रात्री थंडी भरपूर आणि बाथरूमला जाताना ओलं गवत, त्यामुळे म्हाताऱ्यांसाठी मी तंबू घेणार नाही. आम्हाला मिळालं ते घरगुती, आठ खोल्यांचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि एक आंब्याचं झाड. पोहण्याचा तलाव नव्हता. मुलांनी तो एकदाही मागितला नाही. अंगणात एक मांजर व्यायली होती, त्यांना तेवढं पुरलं.

तिथे स्वयंपाक करणाऱ्या ताई दिसल्या आणि आमची सगळी सहलच पालटली. आईंनी त्यांना विचारलं, "तू कोठली वं?" त्या म्हणाल्या, माहेर अक्कलकुव्यापलीकडे, मोलगीच्या वाटेवर. "मंग आपलीच शे तू," असं म्हणत आई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसल्याच. दुपारी ताईंनी उडदाची डाळ आणि ज्वारीचा रोटला केला. गुजरातीत त्याला अडदनी दाळ म्हणतात, पण ती आमच्याच घरची डाळ होती: लसूण, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल. डाळ घोटताना ताई ती रवीने नाही, लाकडी पळीच्या पाठीने भांड्याच्या कडेला दाबत होत्या. आई म्हणाल्या, माझी आई असंच करायची. खानदेशी माणसाला गुजरातेत गोड डाळीचा दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. ज्यांना येतो त्यांनी राहायच्या जागी 'अडदनी दाळ ने रोटलो' मागावा, या भागात तो घरोघरी होतो.

जेवून आई-अण्णा दोन तास झोपले. चारला आम्ही मूर्तीकडे निघालो.

ई-रिक्षा गुलाबी होती, चालवणारी मुलगी विशीतली, जवळच्या गावची. या रिक्षा स्थानिक आदिवासी बायका-मुली चालवतात. तिने मध्येच मागे वळून आईंना गुजरातीत विचारलं, "बा, बरोबर बेठा ने?" आणि खड्डा आला की वेग कमी करायची. आईंनी उतरताना तिच्या हातात तिळाचा लाडू ठेवला.

मूर्तीकडे जाणाऱ्या वाटेवर सरकते पट्टे आहेत. विमानतळावर असतात तसे. आई कधी विमानात बसलेल्या नाहीत. पहिला पाय टेकवताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला, मग दोन पावलांत सोडला आणि म्हणाल्या, "माय वं! हाई तं आपोआपच चाली रायनं!" गुडघ्यांचं ज्यांना दुखणं आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं, पट्ट्यांमुळे लांबचं अंतर सोपं होतं. आत व्हीलचेअरही मिळते, प्रवेशद्वाराशी विचारावं. वरच्या गॅलरीचं तिकीट वेगळं असतं आणि त्याला वेळ ठरलेली असते. ते ऑनलाइन आधीच घ्यावं, नाहीतर लिफ्टच्या रांगेत लहान मुलं रडवेली होतात.

अण्णा पायथ्याशी थांबले, वर यायची त्यांना घाई नव्हती. मूर्तीच्या पायातल्या चपलेकडे आणि धोतराच्या काठाकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग खिशातून छोटी वही काढली. त्यांनी पूर्ण मूर्ती काढली नाही, फक्त डाव्या पायावरून उतरणाऱ्या धोतराच्या चार चुण्या. एक रेघ वरून सैल सुरू होते, गुडघ्याशी ताठ होते आणि खाली पुन्हा मोकळी सुटते. ओवी शेजारी उभी होती. तिने विचारलं, "एवढ्या मोठ्या धातूला सुरकुती कशी पाडली?" अण्णा म्हणाले, "आधी मातीत लहान करतात बेटा. मग तेच मोजून मोठं करत नेतात. लहानात चुकलं तर मोठ्यात सगळ्या जगाला दिसतं."

शेजारी सुरतेकडचं एक कुटुंब होतं. त्यांच्या आजोबांनी अण्णांना वही बघून विचारलं, तुम्ही कलाकार का? अण्णांनी मान हलवून नाही म्हटलं आणि मूर्तीकडे बोट केलं. "हाई आपला गोंदूरना मानूसनं काम शे, भाऊ," असं अहिराणीत म्हणून गेले आणि मग हिंदीत पुन्हा सांगितलं. १९२५ साली गोंदूरला जन्म, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण आणि सुवर्णपदक, मग पुरातत्त्व खात्यात वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम, संसदेतली ध्यानस्थ गांधींची मूर्तीही त्यांचीच. सुरतेचे आजोबा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी 'गोंदूर' हा शब्द आपल्या फोनमध्ये लिहून घेतला. अण्णांचे डोळे तेव्हा भरून आले होते, ते मी पाहिलं आणि मुलांना घेऊन जरा पुढे सरकले.

गॅलरीतून धरण दिसतं. त्यामागे सरोवर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर: सातपुडा आणि विंध्य. माझ्या डोळ्यांसमोर तळोद्याचे आजोबा आले. ते पाणी जिथे वळून डोंगराआड जातं, तिकडे कुठेतरी मणिबेली. ह्यांना मी तेवढंच म्हटलं, "तिकडे आहे त्यांचं मोहाचं झाड." आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

संध्याकाळी मूर्तीवर प्रकाशाचा खेळ होतो. थंडी वाढली होती. शाल आणि मुलांच्या टोप्या सोबत न्याव्यात, नर्मदेवरून येणारं वारं बोचरं असतं. आम्ही साडेआठला खोलीवर होतो. राजपीपळ्यात राहिलो असतो तर अंधारात अजून पाऊण तास गाडी चालवावी लागली असती.

तिसरा दिवस, गुरुवार: मुलांची गाडी

न्यूट्रिशन पार्क म्हणजे मुलांसाठी आहार या विषयावर उभारलेलं पार्क, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं. छोटी आगगाडी स्टेशन-स्टेशन थांबते. फळं-भाज्यांचं फलशाका गृहम, दुधाचं पायोनगरी, मग अन्नपूर्णा, पोषण पुराण आणि स्वस्थ भारतम. प्रत्येक ठिकाणी उतरून खेळ, चित्रं, पडद्यावरचे किस्से. शिवाय आरशांचा भूलभुलैया आणि हलत्या खुर्च्यांचं सिनेमाघर. वेदूसाठी ती गाडी खरीखुरी रेल्वेच होती. प्रत्येक स्टेशनावर "उतरा, उतरा, जळगाव आलं" असं तो ओरडायचा आणि मागच्या डब्यातली गुजराती मुलंही "जळगाव, जळगाव" करायला लागली.

आई मात्र अन्नपूर्णा स्टेशनात रमल्या. तिथे घरच्या साध्या जेवणाचं महत्त्व सांगतात, बाजरी-ज्वारी-डाळींचं. आईंनी ते सगळं नीट वाचलं, मग ओवीला जवळ घेऊन दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, नागलीची भाकरी, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी अशी स्वतःच्या लहानपणीची यादी सांगितली, कोणत्या महिन्यात काय ते धरून. ओवीने ती तिथल्या पत्रकाच्या मागे लिहून घेतली. ते पत्रक आता आमच्या फ्रिजवर लावलंय.

भूलभुलैयात वेदू ह्यांचा हात सोडून पळाला आणि सगळीकडे तोच तो दिसायला लागला. पाच मिनिटंच, पण माझा जीव घशाशी आला होता. लहान मुलाला आत नेताना हात सोडू नये आणि त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. तिथल्या मदतनीस मुलीनेच त्याला बाहेर आणलं.

रांगेत भुसावळचं एक कुटुंब भेटलं. ते वडोदऱ्यात राहून रोज नव्वद किलोमीटर येऊन-जाऊन करत होते. तिथे खोल्या स्वस्त आणि जेवण हवं तसं, असं त्यांचं म्हणणं. फक्त मोठी माणसं असतील आणि एकच दिवस यायचं असेल तर ते पटण्यासारखं आहे. पण त्यांची तीन वर्षांची मुलगी बाराच्या सुमारास बाकावर आईच्या मांडीवर झोपली होती, ऊन तोंडावर, आणि पुढे त्यांचं निम्मं पार्क बघायचं राहिलं होतं. आम्ही साडेबाराला रिक्षाने पंधरा मिनिटांत खोलीवर, मुलं जेवून गाढ झोपली. ज्याच्या सोबत सहा वर्षांखालचं मूल किंवा सत्तरीपुढचं माणूस आहे, त्याने दुपारची झोप धरूनच हॉटेल निवडावं. त्या दोन तासांनी संध्याकाळ मिळते.

दुपारनंतर ह्यांनी मुलांना जंगल सफारीला नेलं. ती जागा मोठी आणि चढउताराची आहे. आई-अण्णांना तिकडे न्यायचंच नाही असं आम्ही ठरवलं होतं, आणि ते बरोबर ठरलं. ओवीला पक्ष्यांचे उंच घुमट सगळ्यात आवडले, आत शिरलं की पक्षी डोक्यावरून उडतात. वेदूला जिराफ. आई तेवढ्या वेळात अंगणात ताईंसोबत लसूण सोलत होत्या आणि अण्णा आंब्याखाली बसून आदल्या दिवशीच्या चुण्या पुन्हा काढत होते.

संध्याकाळी सगळे मिळून गोरा गावच्या घाटावर नर्मदेच्या आरतीला गेलो. मंगळवारी तापी, गुरुवारी नर्मदा. आईंनी द्रोणात दिवा सोडला. त्याच्या मागोमाग बघत त्यांनी मला हळूच विचारलं, "ते आजोबा कोठला व्हतात? मणिबेलीना?" मी हो म्हटलं. त्यांनी दुसरा दिवा घेतला आणि तोही सोडला.

चौथा दिवस, शुक्रवार: मिरच्या आणि गोंदूर

सकाळी साडेसहाला निघालो. ताईंनी चार रोटले पळसाच्या पानांत गुंडाळून दिले आणि आईंना म्हणाल्या, होळीला मोलगीला या. आई येते म्हणाल्या. त्या खरंच जाणार आहेत, हे मला त्यांच्या म्हणण्यावरून कळलं.

परत येताना तळोद्याहून हातोडा पुलावरून तापी ओलांडून नंदुरबारला वळलो, कारण जानेवारीत तिथल्या मिरच्यांच्या पथाऱ्या पाहायच्या होत्या. मोकळ्या रानात जिथवर नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली. गाडीच्या काचा बंद असूनही सगळ्यांना ठसका लागला. डोक्याला ओढण्या बांधलेल्या बायका मिरच्या पालथ्या करत होत्या. अण्णा खाली उतरले, मूठभर मिरच्या हातात घेऊन उजेडात धरल्या आणि ओवीला म्हणाले, "बघ, एकाच मिरचीत किती लाल आहेत. देठाशी जरा नारिंगी, मधे तांबूस, टोकाला जवळजवळ काळपट." आम्ही तिथून वर्षाची मिरची घेतली. नंदुरबारला मिरची घ्यायची तर पोतं उघडून खालची बघूनच घ्यावी, वरचा थर नेहमीच चांगला असतो.

गोंदूर ठरलेलं नव्हतं. दोंडाईच्याला चहा पिताना अण्णा नुसतं म्हणाले, "धुळ्यावरून गेलो तर?" ह्यांनी काही न विचारता गाडी तिकडे घातली. गाव धुळ्याला लागूनच आहे, जवळ विमानांची धावपट्टी. आम्ही पोहोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. गुरं घरी परतत होती, एका ओट्यावर म्हातारी माणसं उन्हाला पाठ देऊन बसली होती. अण्णांनी नमस्कार केला, केवडियाहून आलो म्हणून सांगितलं. एकाने लगेच सरकून जागा दिली. मग बराच वेळ त्यांचं बोलणं चाललं, सगळं अहिराणीत, मला अर्धंच ऐकू आलं. निघताना अण्णांनी वहीतलं चुण्यांचं पान फाडलं आणि त्या ओट्यावरच्या माणसाला दिलं. त्याने ते चष्मा लावून बघितलं, मग घडी न घालता दोन्ही हातांत धरून ठेवलं.

अमळनेरवरून चोपड्याला पोहोचायला रात्रीचे नऊ झाले. मुलं गाडीतच झोपली होती. आईंनी घरात शिरून आधी तवा ठेवला, पळसाच्या पानातले रोटले काढले, त्यांवर पाणी शिंपडून गरम केले, आणि दुधात कुस्करून प्रत्येकाच्या वाटीत थोडे थोडे वाढले.